संगणकीय आज्ञावलींचे भाषांतर : एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः दोन पद्धतींनी लिहिला जातो. पहिली पद्धत यंत्रांच्या पिढ्यांची : निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडल, मायक्रोप्रोसेसर. दुसरी पद्धत भाषांच्या वंशावळीची : फोर्ट्रान, कोबोल, पास्कल, सी, जावा. दोन्ही पद्धतींत नवी गोष्ट जन्माला आली की जुनी मागे पडली, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. नवे यंत्र आले तरी बँकेचे व्याज, विमा कंपनीचा हप्ता आणि कारखान्यातील वेतनपत्रक जुन्याच नियमांनी काढावे लागते. हे नियम जुन्या आज्ञावलीत लिहिलेले असतात. ती आज्ञावली नव्या यंत्राला समजेल अशा भाषेत कोणीतरी उतरवून द्यावी लागते. हे काम करणाऱ्यांचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात एका संगणकीय भाषेतील आज्ञावली दुसऱ्या संगणकीय भाषेत नेण्याच्या प्रक्रियेचा, म्हणजेच आज्ञावलीच्या भाषांतराचा, ऐतिहासिक आढावा घेतला आहे. हे काम यांत्रिक व दुय्यम दर्जाचे आहे, असा समज उद्योगात आणि अभ्यासक्षेत्रातही दीर्घकाळ रूढ आहे. मूळ आज्ञावलीत यंत्राने काय करावे एवढेच लिहिलेले असते. ते का करावे हे बहुधा लिहिलेले नसते. भाषांतरकाराला हा न लिहिलेला हेतू शोधावा लागतो, आणि या अर्थाने त्याचे काम दप्तरखान्यात बसून जुने कागद लावणाऱ्या इतिहाससंशोधकाच्या कामाशी नाते सांगणारे आहे. मुंबई आणि पुणे या शहरांतील सॉफ्टवेअर व्यवसायाच्या उभारणीत या कामाचा वाटा मोठा असल्याने महाराष्ट्रातील अभ्यासकांसाठी हा विषय परका नाही.

लिप्यंतर आणि भाषांतर

मोडी कागदपत्रांचे बाळबोधीत लिप्यंतर करणाऱ्यास एक अनुभव नेहमी येतो. अक्षर लागले म्हणून वाक्य लागतेच असे नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही, शब्द सलग लिहिलेले असतात. त्यामुळे वाचणाऱ्याला प्रकरण ठाऊक असल्याखेरीज नेमका शब्द ठरवता येत नाही. संगणकाच्या क्षेत्रातही प्रारंभी जे काम केवळ लिप्यंतराचे वाटले, ते तसे निघाले नाही.

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आय.बी.एम. कंपनीत तयार झालेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये वापरात आली. १९५८ मध्ये तिची दुसरी आणि १९६२ च्या सुमारास चौथी आवृत्ती आली. चौथी आवृत्ती दुसरीहून अधिक स्वच्छ होती, पण दुसरीत लिहिलेल्या आज्ञावली तिच्यात जशाच्या तशा चालत नव्हत्या. तोवर प्रयोगशाळांतून आणि विमानकंपन्यांतून फोर्ट्रानच्या आज्ञावलींचे ढीग साठले होते. अखेरीस 'शेअर' या १९५५ मध्ये स्थापन झालेल्या वापरकर्त्यांच्या संघटनेतून 'सिफ्ट' नावाची एक भाषांतरक आज्ञावली तयार झाली. दुसऱ्या फोर्ट्रानमधील मजकूर वाचून चौथ्या फोर्ट्रानमधील मजकूर लिहिणे, एवढेच तिचे काम.

यातील काही बदल खरोखरच लिप्यंतरासारखे होते. उदाहरणार्थ, जुन्या आवृत्तीत गणिती फलांच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर लावावे लागे. नव्या आवृत्तीत ते काढून टाकायचे होते. परंतु स्मृतीतील जागांच्या वाटपाचा प्रश्न निराळा होता. दोन नावे एकाच जागेला द्यावयाची असा आदेश जुन्या आवृत्तीत दिला, की सामाईक जागेतील इतर चलांचा क्रमही त्यामुळे बदलत असे. नव्या आवृत्तीत तो बदलत नसे. म्हणजे तेच वाक्य, त्याच शब्दांत, दोन्ही भाषांत व्याकरणदृष्ट्या शुद्ध, पण अर्थ भिन्न. मराठी आणि हिंदी या दोन भाषांत 'शिक्षा' हा शब्द जो घोटाळा करतो, तोच हा घोटाळा. जेथे शब्द परका असतो तेथे भाषांतरकार सावध असतो. जेथे तो ओळखीचा असतो तेथे फसगत होते.

या अडचणीवर सर्वांसाठी एकच भाषा हा उपाय व्यावसायिक क्षेत्रात सुचविला गेला. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने संगणक उत्पादक आणि वापरकर्ते एकत्र आले आणि त्यातून कोबोल ही भाषा आकाराला आली. ग्रेस हॉपर यांच्या 'फ्लो-मॅटिक' या आधीच्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. ६ व ७ डिसेंबर १९६० रोजी जवळजवळ एकच कोबोल आज्ञावली आर.सी.ए. आणि रेमिंग्टन रँड युनिव्हॅक या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. आता यंत्र बदलले तरी आज्ञावली बदलावी लागणार नाही, असा विश्वास त्या प्रात्यक्षिकाने निर्माण केला. पुढील सहा दशकांत कोबोलच्या भाषांतरावर जेवढा खर्च झाला आहे, तो पाहता त्या विश्वासाकडे आज काहीशा विनोदबुद्धीनेच पाहावे लागते. प्रत्येक उत्पादकाने कोबोलमध्ये आपापली भर घातली. देशावरची आणि कोकणातली मराठी एकच असली तरी बोलणाऱ्याचे गाव लपत नाही, तसे कोबोलचे झाले.

बाजारपेठेचे हत्यार

भाषांतराचे व्यापारी मोल प्रथम ओळखले ते हनीवेल कंपनीने. आय.बी.एम.चे १४०१ हे यंत्र ऑक्टोबर १९५९ मध्ये जाहीर झाले आणि अल्पावधीत अत्यंत लोकप्रिय ठरले. अशी १२ हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. भारतातही हे यंत्र आले. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेलकंपनीने ते बसविले. या यंत्रावरील आज्ञावली प्रामुख्याने 'ऑटोकोडर' या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिल्या जात. ग्राहकाने यंत्र बदलायचे ठरविले तर त्याला सर्व आज्ञावली नव्याने लिहाव्या लागत. म्हणून ग्राहक यंत्र बदलत नसे. यंत्राच्या किमतीपेक्षा आज्ञावलींची किंमत मोठी झाल्याची ही पहिली ठळक खूण म्हणता येईल.

डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेलने आपले '२००' हे यंत्र जाहीर केले आणि त्यासोबत १४०१ च्या आज्ञावलींचे रूपांतर करणारी एक व्यवस्था दिली. तिचे नाव 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता. नावातील आक्रमकता उघड आहे. परंतु या प्रकरणातील खरा बोध तांत्रिक आहे. १४०१ च्या मूळ रचनेत पत्ते मोजण्यासाठी स्वतंत्र सोय नसल्यामुळे आज्ञावली चालता चालता आपल्याच आज्ञांमधील पत्ते बदलत असे. कागदावर एक आज्ञा लिहिलेली, आणि प्रत्यक्ष चालताना ती दुसरीच झालेली. अशा मजकुराचे केवळ वाचून भाषांतर करणे जवळपास अशक्यच. हनीवेलने त्यावर काढलेला मार्ग असा की, भाषांतरक फार हुशार करण्याऐवजी यंत्रच मुळात १४०१ च्या वळणाचे बनविले. भाषांतर सोपे व्हावे म्हणून लक्ष्यभाषा बदलण्याचे हे उदाहरण आहे.

आय.बी.एम.ने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यातील काही यंत्रांत १४०१ च्या आज्ञा जशाच्या तशा चालविण्याची अंतर्गत सोय होती. ग्राहकांना भाषांतर करावेच लागले नाही; ते पुढे ढकलता आले. ही सोय इतकी सुखाची ठरली की नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र वर्षानुवर्षे चालत राहिले. भारतात तर आय.बी.एम. १९७८ मध्ये देश सोडून गेल्यानंतरही मूळ १४०१ यंत्रे काही काळ चालू होती. त्यांची निगा राखण्याचे काम सरकारी कंपनी सी.एम.सी.कडे आले.

मुंबई, १९७४-७५

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. फकीरचंद कोहली हे टाटा इलेक्ट्रिकमधून तिच्यात आले. त्या काळात भारतात संगणक आयात करणे अत्यंत कठीण होते. परकीय चलनाची टंचाई, जबर आयातशुल्क आणि परवान्यासाठी लागणारा कालावधी या तिन्हींमुळे नवे यंत्र मिळणे ही प्रतीक्षेची बाब होती. आयात यंत्राच्या बदल्यात सॉफ्टवेअरची निर्यात करावी, असे सरकारी धोरण १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आखले गेले. सांताक्रूझ येथील निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच 'सीप्झ', १९७३ मधील.

या परिस्थितीत अमेरिकेतील बरोज कंपनीकडून संस्थेला एक काम मिळाले. रुग्णालयांसाठीची एक माहितीप्रणाली बरोजच्या मध्यम श्रेणीतील यंत्रांच्या कोबोलमध्ये लिहिलेली होती. ती लहान श्रेणीतील यंत्रांच्या कोबोलमध्ये आणावयाची होती. उत्पादक एक, भाषेचे नाव एक, प्रणालीही एकच. वरवर पाहता यात भाषांतर करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडावा.

त्याचे उत्तर दोन यंत्रांच्या रचनेत आहे. १९६६ मध्ये जाहीर झालेल्या बी-२५०० आणि बी-३५०० या यंत्रांपासून सुरू झालेली मध्यम श्रेणी ही दशमान पद्धतीची होती. तिच्या स्मृतीचे पत्ते दशमान अंकागणिक मोजले जात आणि हिशेबाची यंत्रांतर्गत मांडणीही दशमानच असे. १९७२ च्या बी-१७०० पासूनची लहान श्रेणी पूर्णपणे निराळ्या विचाराने घडविलेली होती. तिच्यात स्मृतीचा पत्ता थेट एकेका बिटपर्यंत देता येई आणि प्रत्येक भाषेसाठी तिला साजेसे स्वतंत्र आभासी यंत्र सूक्ष्म आज्ञावलीच्या साहाय्याने उभे केले जाई. अशा दोन यंत्रांसाठी लिहिलेल्या कोबोलमध्ये वाक्यरचना सारखी दिसली तरी आकड्यांची साठवण, फाइलींची रचना आणि यंत्राशी बोलण्याचे संकेत सारखे असतीलच, अशी खात्री कशी देता येणार?

सर्वांत विलक्षण बाब पुढेच आहे. हे काम मुंबईत ज्या यंत्रावर झाले ते यंत्र बरोजचे नव्हतेच. ते ब्रिटिश बनावटीचे आय.सी.एल. १९०३ होते. त्याचा शब्द २४ बिटांचा, अक्षर ६ बिटांचे. मूळ आज्ञावली ज्या यंत्रासाठी लिहिली तेही हे नव्हे आणि भाषांतरित आज्ञावली जेथे चालणार तेही हे नव्हे. हाती असलेल्या या तिसऱ्या यंत्रावर संस्थेतील अभियंत्यांनी भाषांतर करणारी एक आज्ञावली तयार केली. ती एक कोबोल वाचून दुसरे कोबोल लिहीत असे. कोबोल हा यंत्रासमोर अखेर मजकूरच असतो. मजकूर वाचता आणि लिहिता येणारे कोणतेही यंत्र भाषांतराला पुरते, हे या कामातून सिद्ध झाले. टंचाईतून निघालेली ही युक्ती होती. परंतु तिचा पाया सिद्धान्ताच्या दृष्टीनेही भक्कम होता.

या कामाचे ऐतिहासिक महत्त्व तांत्रिकतेपुरते मर्यादित नाही. सॉफ्टवेअर निर्यातीसाठी माणूस परदेशी पाठवावा लागतो, हा त्या काळचा प्रचलित नमुना होता आणि १९८० च्या दशकातही भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीचा बहुतांश भाग ग्राहकाच्या देशात जाऊन केलेल्या कामाचाच होता. मुंबईत बसून अमेरिकेतील प्रणालीचे काम पूर्ण करणे हा त्यापुढील टप्पा १९७४-७५ मध्येच साध्य झाला होता, आणि तो साध्य होण्याचे कारण कामाचे स्वरूप भाषांतराचे होते हेच आहे. नवी प्रणाली लिहायची तर रुग्णालयातील कारकून, लेखापाल, परिचारिका यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे लागते. भाषांतरात बोलायचे ते मजकुराशी. मजकूर टपालाने येऊ शकतो.

मात्र याच कारणामुळे या कामाला कमी लेखण्याची सवयही लागली. मजकूर तिकडचा, विचार तिकडचा, आपण केवळ उतरवून घेणारे, असा सूर भारतीय सॉफ्टवेअर व्यवसायाविषयीच्या टीकेत पुढे वारंवार उमटला. टीकेत तथ्य नाही असे नव्हे. स्वतंत्र उत्पादने निर्माण करण्यात हा व्यवसाय मागे राहिला, हे मान्यच करावे लागेल. तथापि 'उतरवून घेणे' या शब्दात जो तुच्छतेचा भाव आहे, तो कामाच्या स्वरूपाविषयीच्या अज्ञानातून आलेला आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश यंत्रावर दोन अमेरिकी यंत्रांच्या बोली समजून घेणाऱ्यांना दोन्ही यंत्रांचे अंतरंग त्या यंत्रांच्या सामान्य वापरकर्त्यापेक्षा अधिक समजणे भाग होते.

असे कोणते तपशील समजावे लागत, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. यंत्रात अक्षरांना संख्या दिलेल्या असतात आणि त्या संख्यांवरून क्रम लागतो. आय.बी.एम.च्या मोठ्या यंत्रांवरील 'एब्सिडिक' संकेतात रोमन अक्षरे आधी येतात आणि अंक नंतर. 'आस्की' संकेतात अंक आधी येतात आणि अक्षरे नंतर. खातेक्रमांक काही अक्षराने आणि काही अंकाने सुरू होत असतील, तर एका यंत्रावर शेवटी येणारी खाती दुसऱ्या यंत्रावर प्रथम येतात. आज्ञावलीतील एकही ओळ चुकलेली नसते. कंपायलर तक्रार करीत नाही. दोन फाइलींचा मेळ घालणारी आज्ञावली मात्र क्रम ठरलेला आहे असे धरून चालते आणि काही खाती मुकाट्याने वगळते. हा क्रम आज्ञावलीत कोठेही लिहिलेला नसतो. तो जुन्या यंत्राच्या स्वभावात असतो, आणि भाषांतरकाराला तो ठाऊक असावा लागतो.

भाषांतराने भाषा बदलते

याच काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एक वेगळे भाषांतर चालू होते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेली युनिक्स ही प्रणाली प्रारंभी यंत्रभाषेच्या जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. ती वरच्या पातळीवरील भाषेत उतरविण्याचा प्रयत्न थॉम्पसन यांनी १९७२ मध्ये केला आणि सोडून दिला. भाषा अपुरी पडली. परस्परसंबद्ध माहिती एकत्र बांधण्याची सोय, जिला 'स्ट्रक्चर' म्हणतात, ती तोवर सी भाषेत नव्हती. रिची यांनी ती आणल्यानंतर १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सी भाषेत लिहून झाला. पुढे १९७७ च्या सुमारास युनिक्स वेगळ्या धाटणीच्या इंटरडेटा यंत्रांवर नेण्याचे काम बेल प्रयोगशाळेत आणि स्वतंत्रपणे ऑस्ट्रेलियातील वूलाँगाँग विद्यापीठात झाले. त्या अनुभवातून सी भाषेत पुन्हा भर पडली आणि 'लिंट' नावाचे दोष शोधणारे साधनही आले. मराठी गद्याला एकोणिसाव्या शतकात भाषांतरांनी जे वळण लावले, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्या भाषेत भाषांतर करायचे तिची ताकद भाषांतर करतानाच कळते आणि वाढते.

लहान संगणकांच्या क्षेत्रातही भाषांतराच्या खुणा राहिल्या. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ मध्ये आला तेव्हा आधीच्या ८०८० वरील असेंब्ली मजकूर यंत्राद्वारे बदलता यावा, अशी त्याची आखणीच होती. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी लिहिलेल्या, पुढे एम.एस.-डॉस झालेल्या प्रणालीत जुन्या सी.पी./एम. प्रणालीला हाक मारण्याची पद्धत मुद्दाम जपली होती. भाषांतरित आज्ञावली अडू नयेत एवढाच हेतू. नंतरच्या कोट्यवधी संगणकांनी ही सोय वारसा म्हणून वाहिली, बहुतेकांना तिचे कारण ठाऊक नसताना.

सालाचे दोन अंक

इ.स. २००० च्या उंबरठ्यावरील संकट सर्वश्रुत आहे. स्मृती महाग असल्यामुळे जुन्या आज्ञावलींत साल दोनच अंकांत लिहिलेले असे. '००' म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नव्हता. काटेकोरपणे पाहता हे काम भाषांतराचे नाही, दुरुस्तीचे आहे. परंतु अनेक संस्थांनी दुरुस्तीऐवजी जुनी प्रणाली नव्या भाषेत नेणे पसंत केले, आणि दोन्हींसाठी पहिली पायरी तीच होती : लाखो ओळींचा, लेखक निवृत्त झालेला मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणे.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास ही अडचण अपरिचित नाही. पेशवेकालीन पत्रांत अनेकदा केवळ चंद्र आणि महिना दिलेला असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज नव्हती. दीड-दोनशे वर्षांनंतर संशोधकाला ते पत्रातील प्रसंगावरून, माणसांच्या नावांवरून आणि जंत्रीच्या साहाय्याने ठरवावे लागते. कोबोल आज्ञावलीतील दोन अंकी सालाचे नेमके असेच होते. जन्मसाल '२५' असेल तर १९२५, कर्जफेडीचे साल '२५' असेल तर २०२५. कोणता चल कोणत्या प्रकारचा, हे त्याच्या नावावरून कळेल अशी आशा असे. पण नावे 'डब्ल्यू-१', 'डब्ल्यू-२' अशीही असत. मग तो चल कोठून भरला जातो, कोठे छापला जातो, कशाशी ताडून पाहिला जातो, याचा माग काढावा लागे.

हा माग यंत्राकरवी काढण्याचे शास्त्र म्हणजे आज्ञावलींचे विश्लेषण. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात या विषयावर दीर्घकाळ काम झाले. मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खाजगी वर्गांतून कोबोल शिकून याच कामासाठी परदेशाची वाट धरली. ज्या भाषेला विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून कालबाह्य म्हणून निरोप दिला जात होता, तिनेच या पिढीला रोजगार दिला. जानेवारी २००० उजाडल्यावर मोठा अनर्थ घडला नाही, आणि मग संकट मुळात खोटेच होते असे म्हणण्याची प्रथा पडली. धरण फुटले नाही म्हणून डागडुजी व्यर्थ होती, असा हा युक्तिवाद आहे.

न लिहिलेले

एप्रिल २०२० मध्ये, करोना साथीत बेरोजगारभत्त्याचे अर्ज अचानक वाढले तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले. १९६० मधील त्या प्रात्यक्षिकाला तेव्हा साठ वर्षे होत आली होती. त्याच वर्षी फेसबुकच्या संशोधकांनी सी प्लस प्लस, जावा आणि पायथन या भाषांत परस्पर भाषांतर करणारी 'ट्रान्सकोडर' ही यंत्रशिक्षणावर आधारित प्रणाली मांडली. २०२३ मध्ये आय.बी.एम.ने कोबोलमधून जावात नेण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन जाहीर केले, तर २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधनसंस्थेने सी भाषेतील आज्ञावली रस्ट या अधिक सुरक्षित भाषेत आपोआप नेण्याचा प्रकल्प हाती घेतला. वाक्यरचनेचा भाग यंत्रे आता सफाईने करतात. न लिहिलेल्या हेतूचा प्रश्न मात्र या साधनांपुढेही उभा आहे, कारण ही साधनेही मजकूरच वाचतात.

मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अँडर्स हेल्सबर्ग यांनी टाइपस्क्रिप्ट भाषेचा कंपायलर टाइपस्क्रिप्टमधून 'गो' या भाषेत नेत असल्याचे जाहीर केले. वेग सुमारे दहापट वाढल्याचे सांगण्यात आले. अधिक आधुनिक मानल्या जाणाऱ्या रस्टऐवजी 'गो'ची निवड का, यावर बरीच चर्चा झाली. दिलेले कारण साधे होते. मूळ मजकुराची घडण 'गो'मध्ये जवळपास तशीच ठेवता येत होती आणि जुन्या कंपायलरचे वर्तन, त्याच्या खोडींसकट, राखायचे होते. नव्याने लिहिणे टाळून एकेक फल ओळीने उतरवून घेणे त्यांनी पसंत केले. 'उतरवून घेणे' हा शब्द येथे पुन्हा भेटतो; या वेळी मात्र कोणी त्याला हलके काम म्हटले नाही.

खोडी राखण्याचा हा आग्रह नवा नाही. भाषांतर बिनचूक झाले का हे ठरविण्याची व्यवहारात सर्वांत रुळलेली पद्धत जुनीच आहे : जुनी आणि नवी प्रणाली काही महिने शेजारी शेजारी चालवायची आणि दोन्हींचे निकाल ताडून पाहायचे. कोबोलमध्ये रकमा दशमान पद्धतीने साठवता येतात. पुढील अनेक भाषांत अपूर्णांकांची रूढ पद्धत द्विमान आहे, आणि द्विमानात एक दशांश ही संख्या नेमकी लिहिताच येत नाही. त्यात, हिशेबाच्या मधल्या पायरीवर उरलेला अपूर्णांक कोबोल वेगळे न सांगितल्यास छाटून टाकते. भाषांतरकाराने सवयीने तेथे पूर्णांकन केले की लाखभर खात्यांपैकी काही खात्यांत एका पैशाचा फरक येतो. गणिताच्या दृष्टीने नवा आकडा अधिक बरोबर असतो. परंतु खातेदाराला वीस वर्षे जुन्या रीतीने व्याज दिलेले असते, लेखापरीक्षकाने ते मान्य केलेले असते, आणि छाटण्याची ती रीत नियम म्हणून ठरवली होती की पहिल्या प्रोग्रॅमरच्या नजरचुकीने आली, हे सांगणारा कागद बँकेत सापडत नाही. अशा वेळी नव्या भाषेत ती छाटणी मुद्दाम, जास्तीच्या दोन ओळी लिहून, पुन्हा घडवून आणली जाते.